जुना बाजार, एक बिगुल आणि चुकीचा मुकुट: बिल्ला अस्सल की नक्कल?

पितळखुळा (धागाकर्ता) | रविवार, रात्री १०:४०

आज सकाळी पुण्यात जुन्या बाजारात गेलो होतो. शोधायचा होता सायकलचा जुना डायनॅमो. मिळाला नाही. त्याऐवजी एका पथारीवर गंजके नळ आणि फुटक्या दुर्बिणींच्या मधे दोन पितळी वस्तू दिसल्या आणि पाय तिथेच अडकले.

पहिली टोपीवरचा बिल्ला. बिगुल, त्यावर मुकुट, खाली पट्टीवर रोमन अक्षरांत मराठा लाइट इन्फंट्रीचं नाव. रेषा अगदी स्वच्छ, उठावदार. पथारीवाला म्हणाला, "साहेब, दुसऱ्या महायुद्धातला माल, इटलीत लढलेल्या जवानाचा." तीन हजार सांगितले, घासाघीस करून बाराशेला दिला.

दुसरी खांद्यावर लावायची पितळी पट्टी. वर इंग्रजी ५ आकडा, खाली रोमन लिपीत 'मराठा'. ही मात्र एकदम ओबडधोबड. मागे ओतकामाचे बारीक खड्डे, कडा कुठे जाड कुठे पातळ, अक्षरं झिजून गोल झालेली. ही त्याने वर पन्नास रुपयांत टाकली.

घरी येऊन परदेशी संग्राहकांचं जेवढं सापडलं तेवढं वाचलं. सगळीकडे एकच: ठशात दाबून काढलेला तो अस्सल, ओतलेला तो नकली. म्हणजे माझा बिल्ला खरा आणि पट्टी भंगार, असं धरून चाललोय. जाणकारांनी खात्री करून द्यावी. फोटो काही केल्या चढत नाहीयेत, म्हणून वर्णनावर भागवा.

---

माजी_हवालदार | रविवार, रात्री ११:१५

पितळखुळा, एक काम करा. भिंग घ्या आणि फक्त मुकुट बघा. मुकुटाच्या दोन्ही बाजूंच्या कमानी वर जाऊन गोल होतात, की मधोमध, क्रूस जिथे बसतो तिथे, खाली दबतात? आणि पट्टीवरच्या नावाची स्पेलिंग अक्षर न अक्षर इथे लिहा. दोन्ही वस्तूंवरची.

---

पितळखुळा | रविवार, रात्री ११:३२

कमानी मधे दबल्यात. स्पष्ट दिसतंय, अगदी घोड्याच्या खोगिरासारखं.

स्पेलिंग: बिल्ल्यावर एम-ए-आर-ए-टी-एच-ए. पट्टीवर एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए. म्हणजे पट्टीवाल्याला स्पेलिंगही येत नव्हतं!

---

माजी_हवालदार | रविवार, रात्री ११:५०

उलट आहे राव. पट्टीवाल्यालाच येत होतं.

इंग्रजांच्या काळात पलटणीचं नाव 'मराठा' असं आजच्यासारखं लिहीत नसत. एच आधी आणि टी दोन, हेच तेव्हाचं सरकारी स्पेलिंग. आजचं स्पेलिंग स्वातंत्र्यानंतरचं. तेव्हा राजाचा मुकुट आणि आजचं स्पेलिंग एकाच बिल्ल्यावर दिसलं की तिथेच थांबायचं.

आता मुकुट. १९०१ ते १९५२, म्हणजे सातवा एडवर्ड ते सहावा जॉर्ज, लष्करी बिल्ल्यांवर गोल कमानींचा मुकुट असायचा. दबलेल्या कमानींचा मुकुट राणी एलिझाबेथने घेतला, तो तिच्या कारकिर्दीतला. ती गादीवर आली फेब्रुवारी १९५२ मध्ये. आपण प्रजासत्ताक झालो २६ जानेवारी १९५० ला आणि टोपीवर अशोकस्तंभाचे सिंह आले. म्हणजे एलिझाबेथचा मुकुट भारतीय पलटणीच्या टोपीवर कधी बसूच शकत नव्हता. इटलीत १९४४ साली तर नाहीच नाही.

तुमचा बिल्ला बहुधा एखाद्या इंग्लिश लाइट इन्फंट्रीच्या बिल्ल्यावरून बेतलाय. तिकडेही बिगुलच असतो. वरचा नमुना तसाच ठेवून खाली नाव बदललंय.

बाराशे गेले असं समजा. शिकवणीची फी.

---

पितळखुळा | रविवार, रात्री ११:५८

पोटात खड्डा पडला. झोप उडवलीत काका.

---

थेम्सकाठचा_कोकण्या | सोमवार, पहाटे ३:२०

(इथे अजून रविवार रात्रच आहे.)

काकांना पूर्ण अनुमोदन. एक भर घालतो. 'गोल मुकुट म्हणजे जुना' हे समीकरण इथून पुढे उपयोगी पडणार नाही. चार्ल्स राजाने २०२२ मध्ये पुन्हा गोल कमानींचा मुकुट घेतलाय. इथल्या पलटणींचे नवे बिल्ले आता तसेच निघतात आणि काही वर्षांनी ते ब्रासो मारून मारून झिजवून 'महायुद्धातले' म्हणून विकले जाणार, लिहून ठेवा. पाकिस्तानचीही वेगळी गंमत. तिथे मार्च १९५६ पर्यंत राणीच राष्ट्रप्रमुख होती, त्यामुळे आपला नियम सीमेपलीकडे जसाच्या तसा लावू नका.

आता मूळ मुद्दा, ओतीव विरुद्ध दाबीव. तुम्ही वाचलेला नियम इंग्लंडमधल्या मालाला लागू आहे. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात पोलादी ठशाखाली पत्रा ठेवून दाब दिला की पुढची आकृती मागे खोलगट उमटते, रेषा धारदार येतात. त्या बिल्ल्याचा साचा घेऊन कुणी पितळ ओतलं तर मागची बाजू सपाट किंवा दाणेदार येते, बुडबुड्यांची भोकं राहतात. थंड होताना पितळ आकसतं, साधारण दीड टक्का. चाळीस मिलिमीटरचा बिल्ला अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्तच लहान निघतो. खात्रीचा नमुना शेजारी ठेवून व्हर्निअर कॅलिपर लावला की चोरी पकडली जाते.

पण हिंदुस्थानी पलटणींचा सगळा माल काही बर्मिंगहॅमहून येत नव्हता. छावणीच्या बाजारातले तांबट, ओतारी वाळूच्या साच्यात बिल्ले ओतून द्यायचे. युद्धात तर मागणीच इतकी होती की मिळेल तिथून करून घेतले. ते ओबडधोबडच असायचे आणि तेच जवानाच्या खांद्यावर चढायचे. त्यामुळे आपल्याकडे 'ओतीव' हा शब्द निकाल म्हणून वापरायचा नाही. त्याने चौकशी फक्त सुरू होते.

तुमच्या पट्टीवर ५ आकडा आहे ना? १९२२ च्या फेररचनेत जुन्या मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली आणि १९४५ मध्ये रेजिमेंटांच्या नावांतले आकडे काढले. आकडा आणि स्पेलिंग दोन्ही त्या तेवीस वर्षांत बरोबर बसतात. मला तुमच्या पन्नास रुपयांत जास्त रस आहे.

मागची बाजू नीट बघून सांगा: पट्टी अडकवायच्या कड्या किती, कशा बसवल्यात, आणि पट्टी सपाट आहे की वाकलेली?

---

सराफकट्टा | सोमवार, सकाळी ९:०५

आमच्या तीन पिढ्या पेढीवर गेल्या, त्यामुळे झाळकाम, म्हणजे धातूचे सांधे जोडणं, जरा कळतं.

कडी जिथे बिल्ल्याला टेकते तिथेच बघायचं, बाकी सगळं नंतर. जुन्या कारागिराची झाळ कमी असते आणि सांध्यात आत शिरलेली असते. कडीच्या पायाशी नीट बसकण दिसते. नकलेत कथलाचा चकचकीत गोळा थापलेला असतो, कडीपेक्षा गोळाच मोठा. बऱ्याचदा बिल्ला आणि कडी एकत्रच ओतलेली असतात, तेव्हा सांधाच सापडत नाही.

दुसरं, म्हातारपण. पितळ झिजतं ते पुढून, कारण रोज ब्रासो पुढूनच लागतो. उंच भाग गुळगुळीत आणि खोलगट जागेत पांढुरकी हिरवी वाळकी पूड, हे खरं म्हातारपण. नकलेला म्हातारपण सगळीकडे सारखं येतं, कारण अख्खा बिल्ला मीठपाण्यात किंवा शेणात पुरलेला असतो. असला कळंक नखाने निघतो. खरा निघत नाही, कारण तो धातूतूनच आलेला असतो. आणि वास घ्या. महिनाभरापूर्वी ॲसिडात बुडवलेल्या पितळेला एक आंबूस वास राहतो. गिऱ्हाईक हसतं मी वास घेतो तेव्हा, पण मी घेतो.

आणि मंडळी, हात जोडून सांगतो, घरी आणल्यावर चिंच, लिंबू, पितांबरी काहीही लावू नका. आपल्या बायका-आया समई घासतात तसं पदक घासायचं नसतं. शंभर वर्षांचा पुरावा पाच मिनिटांत नळाखाली जातो.

---

गिरणगावची_सून | सोमवार, सकाळी ९:४०

"बायका-आया" वाचून थांबले. आमच्या घरी समई नवरा घासतो. बाकी माहिती उत्तम, वाचनखूण साठवली आहे.

---

सराफकट्टा | सोमवार, सकाळी ९:५२

चूक कबूल, ताई. नवऱ्यांनीही घासू नये.

---

पितळखुळा | सोमवार, दुपारी १:३०

जेवणाच्या सुट्टीत पट्टी पाहिली. (ऑफिसात घेऊन आलोय, बायकोला सांगू नका.)

कड्या दोन, तांब्याच्या तारेच्या, दोन्ही थोड्या तिरक्या. एका कडीच्या आतल्या बाजूला तार घासून अर्धी पातळ झालीय. पट्टी टेबलावर ठेवली तर डुलते, म्हणजे मधे उंच आणि दोन्ही टोकं खाली. आकड्याच्या पोटात काळपट हिरवं काहीतरी वाळून बसलंय, टाचणीनेही निघेना. अक्षरांच्या वरच्या कडा इतक्या झिजल्यात की एचची आडवी रेघ जेमतेम दिसते, पण अक्षरांच्या बाजूच्या, आतल्या भिंती अजून खरखरीत आहेत.

---

माजी_हवालदार | सोमवार, दुपारी २:१०

हे ऐकून बरं वाटलं. खांद्याच्या गोलाईसाठी पट्टीला बाक देतात. भिंतीवर शोभेला लावायच्या नकला सपाट असतात, कारण करणाऱ्याने ती खांद्यावर लावलेली पाहिलेलीच नसते. कडीतून आडवी पिन घालून पट्टी कापडाला धरतात आणि चालताना ती पिन कडीला सतत घासते. आतून पातळ झालेली कडी म्हणजे कुणीतरी ती वर्षानुवर्षं लावलीय. हे दुकानात बसून करता येतं, पण पन्नास रुपयांच्या मालासाठी एवढी मेहनत कोण घेईल?

---

फटकळ_आजोबा | सोमवार, दुपारी ३:०५

सगळे हुरळून जाऊ नका. 'स्वस्त आहे म्हणून खरं' हेही काही प्रमाण नव्हे. विकणारा सगळा माल किलोने उचलतो, त्याला काय कशाचं कौतुक. मी चाळीस वर्षं नाणी जमवतोय आणि सर्वात चांगल्या नकला मला सर्वात स्वस्तात मिळाल्यात. कड्यांची झीज मला पटते. बाक पटतो. पण वाळूच्या साच्यात ओतलेल्या पट्टीवरून पुन्हा साचा घेऊन ओतलेली पट्टी ओळखणं फार अवघड असतं, कारण मूळही खडबडीत आणि नक्कलही खडबडीत. मापाला खात्रीची दुसरी पट्टी हातात असल्याशिवाय मी 'बहुधा खरी' याच्या पुढे जाणार नाही.

---

थेम्सकाठचा_कोकण्या | सोमवार, दुपारी ४:३०

आजोबांशी सहमत. 'बहुधा खरी' हा या छंदातला फार चांगला शेरा आहे, मला अजून कितीतरी वस्तूंना तो देता आलेला नाही.

---

बैलजोडी | सोमवार, रात्री ८:४५

लष्करातलं मला कळत नाही, माझा नाद राजकीय बिल्ल्यांचा. पण धागा वाचून हात शिवशिवले.

आमच्याकडे मुकुटाचं काम पक्षचिन्हं करतात. काँग्रेसची बैलजोडी १९६९ च्या फुटीपर्यंत. इंदिराबाईंच्या बाजूकडे १९७१ च्या निवडणुकीत गाय-वासरू. पंजा त्यानंतरचा, १९७८ च्या फुटीनंतर. जनसंघाची पणती १९५१ ते १९७७, भाजपचं कमळ १९८० पासून. आता माझ्या डब्यात एक बिल्ला आहे, नेहरूंचा फोटो आणि खाली पंजा. विकणाऱ्याने शपथेवर सांगितलं की '५७ च्या निवडणुकीतला. नेहरू गेले १९६४ मध्ये! तो बिल्ला नकली नाही म्हणता येणार, पक्षाने पुढे कधीतरी जयंतीबियंतीला काढला असेल. वस्तू खरी, गोष्ट खोटी. आमच्या धंद्यात हे फार चालतं.

त्याहून जुन्या मालात झेंडा बघायचा. चरख्याचा भगवा-पांढरा-हिरवा झेंडा काँग्रेसने १९३१ मध्ये घेतला. मधे अशोकचक्र आलं २२ जुलै १९४७ ला, संविधान सभेत. मला एकाने 'फैजपूर अधिवेशन १९३६' लिहिलेला स्वयंसेवकाचा बिल्ला दाखवला होता. फैजपूर म्हणजे आमच्या खानदेशातलं, खेड्यात भरलेलं पहिलं काँग्रेस अधिवेशन, त्यामुळे मी आधीच विरघळलो होतो. पाकीट काढता काढता झेंड्यातलं चाक मोजलं. चोवीस आरे.

मग अक्षरं. याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून जरा सविस्तर. जुना मराठी बिल्ला मुंबई-पुण्यात बनला असेल तर त्यावरची अक्षरं मराठी वळणाची असतात. आपला गाठीचा ल आणि आपला श निर्णयसागरच्या खिळ्यांतून आपल्या डोळ्यांत बसलेत. हिंदी छापातला दांडीचा ल आणि त्यांचा श वेगळा. '१९४२ चलेजाव, मुंबई' अशा बिल्ल्यावर चलेजावचा ल हिंदी वळणाचा दिसला तर मी वस्तू खाली ठेवतो. त्याहून वाईट म्हणजे संगणकावरची अक्षरं. शिरोरेघ एकाच जाडीची, वेलांट्या एका मापाच्या, जोडाक्षर पाय मोडून बसवलेलं. हाताने कोरलेल्या ठशात दोन 'र' कधी एकसारखे नसतात.

---

नव्याने_शिकणारी | सोमवार, रात्री ९:१०

बैलजोडी दादा, मीनाकारीचे बिल्ले कसे ओळखायचे? आमच्या आजोबांकडे लाल-हिरवा एक होता.

---

बैलजोडी | सोमवार, रात्री ९:३५

खरं मीनाकाम म्हणजे भट्टीत वितळवलेली काच. गालाला लावा, गार लागते. दाताला हळूच टेकवा, कपबशीसारखं टक्क वाजतं. तडा गेला तर काचेसारखी खपली उडते. हल्लीच्या बिल्ल्यांत रंगीत राळ ओततात. ती कोमट लागते, वरून फुगीर थेंबासारखी दिसते आणि सुईने ओरखडा पडतो. (गरम सुई टोचून बघायचा सल्ला काही लोक देतात. दुसऱ्याच्या वस्तूवर करू नका, मार खाल.)

मागची पिनही बघा. दाबून काढायची फुलपाखरी पकड 'टिळकांच्या काळातल्या' बिल्ल्यावर दिसली तर हसून पुढे जायचं, ती दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आली. त्या काळी साधी वाकवलेली पिन आणि अडकवायला आकडा.

---

थेम्सकाठचा_कोकण्या | सोमवार, रात्री १०:२०

राजकीय आणि लष्करी दोन्ही एकत्र येतात ते आझाद हिंदमध्ये, आणि नकलांचा सुळसुळाटही तिथेच सर्वाधिक. जर्मनीत असताना नेताजींनी जी पदकं सुरू केली, ती व्हिएन्नाच्या रुडॉल्फ सूव्हालकडे बनली. अडचण अशी की युद्ध संपल्यावर त्याच कारखान्यातून संग्राहकांसाठी पुन्हा ती निघाली. ठसा तोच, हात तोच, फक्त काळ वेगळा. नक्कल म्हणावी तर नाही, अस्सल म्हणावी तर कुणाच्या छातीवर कधी लागलेलीच नाही. मी त्या वाटेला जात नाही. 'फ्रायेस इंडिएन' (जर्मनमध्ये 'स्वतंत्र भारत') लिहिलेल्या, झेप घेणाऱ्या वाघाच्या बाहीवरच्या कापडी ढाली तर दर आठवड्याला नव्या विकायला येतात. जर्मनीतल्या त्या हिंदी तुकडीत माणसं होती काही हजार आणि ढाली बाजारात किती, याचा हिशेब ज्याने त्याने मांडावा.

---

नव्याने_शिकणारी | मंगळवार, सकाळी ७:५०

मी खरं तर वेगळंच विचारायला आले होते, धीर होत नव्हता.

माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात होते. गाव सातारा जिल्ह्यात. घरात सांगतात की ते इराकमधल्या कूटच्या वेढ्यात अडकले होते आणि घोड्याचं मांस खायला नकार दिला म्हणून काठीसारखे बारीक झाले होते. आजीच्या ट्रंकेत त्यांची दोन पदकं आहेत. एक काळपट तारा, एक पिवळसर गोल, पंख असलेली बाई कोरलेली. फीत नाही, सुतळी आहे. मुंबईत एका ओळखीच्यांनी बघितलं आणि म्हणाले, "नकली आहेत, कारण गोल पदकावर १९१४-१९१९ लिहिलंय आणि युद्ध तर १९१८ ला संपलं." आजी दोन दिवस नीट जेवली नाही. खरंच नकली आहेत का?

---

माजी_हवालदार | मंगळवार, सकाळी ८:२५

ताई, आधी आजींना जेवायला घाला. पंख असलेली देवी म्हणजे विजयाची, ते व्हिक्टरी मेडल. त्याच्या पाठीवर १९१४-१९१९ असंच असतं. लढाई १९१८ ला थांबली, तह १९१९ ला झाला. तुमच्या ओळखीच्यांनी जी चूक दाखवली ती चूकच नाही.

तीन पदकांचा संच असायचा: तारा, चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल आणि हे व्हिक्टरी. चांदीचं तुमच्याकडे नाही, बरोबर? चांदीच्या पदकावर १९१४-१९१८ असतं, कदाचित त्यामुळेच त्यांचा गोंधळ झाला असेल.

आता नाव बघा. या पदकांवर जवानाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. गोल पदकाच्या जाड कडेवर, आणि ताऱ्याच्या मागे सपाट भागावर. मोबाइलचा दिवा बाजूने तिरका धरा, अक्षरं उठून दिसतील.

---

सराफकट्टा | मंगळवार, सकाळी ९:१५

चांदीचं कुठे गेलं ते मी सांगतो आणि सांगताना बरं वाटत नाही. त्यात सुमारे एक औंस स्टर्लिंग चांदी असते, अडीच तोळ्यांहून थोडी जास्त. दुष्काळात, लग्नात, आजारपणात ते पेढीवर यायचं आणि मोडीत जायचं. १९७९-८० मध्ये चांदी जगभर भडकली तेव्हा तर इंग्लंडातही ढिगाने वितळवली. वजनकाट्यावर सगळी चांदी सारखी. माझ्या वडिलांनी कडेवरचं नाव वाचून एकदोन बाजूला ठेवली होती. बाकी कुणी वाचलंही नाही. म्हणून घराघरांत दोनच उरतात आणि दोन उरणं हे तर खरेपणाच्या बाजूचंच लक्षण.

(कुणी चांदीचं म्हणून विकत असेल तर धाग्याला बांधून पाण्यात तोला. हवेतलं वजन भागिले पाण्यात घटलेलं वजन. साधारण १०.३ आलं तर स्टर्लिंग. ८.९ च्या आसपास आलं तर तांबं-निकेल, म्हणजे नक्कल. लोहचुंबकाला चिकटलं तर भाग वगैरे काही करत बसू नका.)

---

फटकळ_आजोबा | मंगळवार, सकाळी १०:००

यात अपवाद घाला. त्याच पदकाची काशाची आवृत्तीही होती, मजूर आणि बिगारी तुकड्यांसाठी. हिंदुस्थानातल्या पुष्कळ माणसांना तीच मिळाली. चांदी नाही म्हणून कुणी ते फेकू नये, चांदीच्यापेक्षा ते दुर्मिळ आहे.

आणि नावाबद्दल. ठोकलेलं अक्षर आणि कोरलेलं अक्षर भिंगाखाली वेगळं दिसतं. ठोकलेल्यात धातू दाबला जातो, तळ सपाट आणि कडा किंचित उचललेल्या. कोरलेल्यात धातू खरवडून निघतो, रेघ चकाकते. मूळ नाव घासून दुसरं, जास्त 'मोलाचं' नाव टाकण्याचा उद्योगही जुना आहे. घासलं की कड पातळ होते. या पदकांचा व्यास ३६ मिलिमीटर. कॅलिपर दोन दिशांना लावा. एकीकडे ३६ आणि नावाच्या बाजूला कमी भरला तर कुणीतरी घासलंय.

---

माजी_हवालदार | मंगळवार, सकाळी १०:४०

आणखी एक, कारण नवीन लोक वाचतायत. प्रत्येक नक्कल म्हणजे फसवणूक नव्हे. मूळ पदकं हरवतात, पुरात जातात, घरफोडीत जातात. २६ जानेवारीला छातीवर लावायला माजी सैनिक छावणीतल्या शिंप्याकडून पदकांची पट्टी करून घेतात, मीही घेतलीय. तिच्यावर नाव नसतं आणि ती अस्सल म्हणून कुणी विकतही नाही. ती माणसाच्या मागे भंगारात गेली की मग तिची गोष्ट बदलते.

आणि 'मुकुट आणि सिंह एकत्र दिसले की नकली' असं कुणी पाठ करून ठेवू नका. १९४७ चं भारतीय स्वातंत्र्य पदक बघा. पुढे अशोकचक्र आणि त्यावर मुकुट, मागे अशोकाचे सिंह, फीत तिरंगी. बघताना वाटतं कुणीतरी दोन साचे जोडलेत. पण ते तसंच आहे, कारण १९५० पर्यंतची अडीच वर्षंही तशीच होती.

---

थेम्सकाठचा_कोकण्या | मंगळवार, दुपारी ३:१५

पितळखुळा, पट्टी विकणार असाल तर मला आधी सांगा. टपालखर्च माझा.

---

फटकळ_आजोबा | मंगळवार, दुपारी ३:४०

कोकण्या, पट्टी १९२२ नंतरची आहे, तिला अजून वेळ असेलही, तरी तिच्यावर वर्ष कोरलेलं नाही. आणि शंभर वर्षांहून जुनी झालेली ऐतिहासिक वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, १९७२ चा कायदा आहे. ताईंची पदकं तर त्यात येतील. कुणीही 'लंडनला चांगला भाव येतो' म्हणून त्यांना पत्ता पाठवू नये.

---

थेम्सकाठचा_कोकण्या | मंगळवार, दुपारी ३:५५

पकडलंत. डिसेंबरात येतोय, तेव्हा पुण्यात येऊन नुसती हातात घेऊन बघतो.

---

नव्याने_शिकणारी | मंगळवार, रात्री ९:२०

आजीकडे गेले होते. दिवा तिरका धरला आणि अक्षरं खरंच वर आली! गोल पदकाच्या कडेवर: नंबर, मग 'सिपॉय', मग पणजोबांचं नाव, आडनाव नाही, आणि शेवटी '११७-मराठाज'. स्पेलिंग तेच, एच आधी आणि टी दोन. व्यास ३६, दोन्हीकडून (शेजारच्या इंजिनिअर मुलाचा कॅलिपर). आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढं बारीक कोण लिहीत बसलं असेल."

पण एक घोळ आहे. गोल पदकावर नंबर २४१७ आणि ताऱ्यावर २४७१. नाव आणि पलटण दोन्हीकडे तीच. मग यातलं एक नकली का?

---

माजी_हवालदार | मंगळवार, रात्री ९:५५

नकली करणारा दोन्ही नंबर सारखे टाकतो, ताई. त्याला माहीत असतं की लोक तेच तपासणार. नंबरांची अदलाबदल ही कारकुनाची चूक वाटते. लाखो पदकांवर नावं ठोकली जात होती.

११७ ची पलटण कूटमध्ये होती. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी तिथे अडकल्या, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. घोड्याच्या मांसाची गोष्टही खरी आहे, हिंदी सैनिकांनी बराच काळ ते नाकारलं होतं. पण कडेवरच्या ११७ वरून एवढंच सिद्ध होतं की ते या पलटणीचे. नंतरच्या भरतीतलेही याच पलटणीचे म्हणून नोंदले गेले. कूटचं ठरवायला कागद लागेल. पेन्शनचं पुस्तक, डिस्चार्जचा कागद, काहीही. ट्रंकेच्या तळाशी अंथरलेले कागद काढून बघा, आमच्याकडे वडिलांचं डिस्चार्ज सर्टिफिकेट ट्रंकेला अस्तर म्हणून लावलेलं सापडलं होतं.

---

पितळखुळा | मंगळवार, रात्री १०:३०

धागा माझा आणि सगळ्यात चांगली वस्तू दुसऱ्याच्या ट्रंकेत. चालायचंच.

माझं आजचं: पट्टी कागदात गुंडाळून डब्यात, वर चिठ्ठी 'बहुधा खरी, जुना बाजार, ५० रु.' बाराशेचा बिगुल बायकोला दाखवला. तिला आवडला. फ्रीजवर लावायला मागे लोहचुंबक चिकटवू का, विचारत होती. चिकटव म्हटलं.

---

नव्याने_शिकणारी | बुधवार, सकाळी ६:४५

काका, अस्तर काढलं. कागदच आहे! वर्तमानपत्र नाही, छापील फॉर्म. घडीवर फाटलाय आणि मोडीत काहीतरी लिहिलंय. इथे कुणाला मोडी वाचता येते का?